बाळंतिणीची मुशी

जिजाबाईने मुशीचा शेवटचा तुकडा रश्श्यात सोडला आणि त्याच वेळी जावयाने दारातून सांगितलं, "आई, ती मुशी सुलूला देऊ नका. तिच्यात पारा असतो."

जिजाबाईने हात धुतले. राई गावात जावयाला दारात उभं ठेवत नाहीत, म्हणून आधी तिने "बसा" म्हटलं, मग पाणी दिलं, आणि जयकुमारने तांब्या खाली ठेवल्यावरच विचारलं, "काय असतो?"

"पारा."

"तापाचे कांडीन असतो तो?"

"तोच."

"मंग तो मुशीचे पोटान कसा गेला? तिचा ताप बघाया कोन गेल्ता?"

चुलीमागे बसलेली थोरली सून सुगंधा फिस्कन हसली. सासूच्या बोलण्यावर ती सहसा हसत नसे. सासूही तिला हसावं असं सहसा बोलत नसे.

जयकुमार मात्र हसला नाही. तो मुंबईत एका सरकारी प्रयोगशाळेत होता आणि गेली सहा वर्षं तिथल्या काचेच्या नळ्या धूत होता. पलीकडे मोरव्यात, त्याच्या स्वतःच्या घरी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. राईत, म्हणजे सासरी, तो शास्त्रज्ञ होता. हे कोणी खोटं सांगून केलेलं नव्हतं. लग्न ठरताना त्याच्या आईने, इंदुबाईने, 'साहेबाच्या शेजारी काम करतो' एवढंच सांगितलं होतं. बाकीचं सासुरवाडीने हौसेने भरून घेतलं. आणि एकदा लोकांनी आपल्याला शास्त्रज्ञ मानलं की अधूनमधून काहीतरी शास्त्र सांगावं लागतंच.

तशात आजची मुशी काही साधीसुधी नव्हती. सुलू या घरची एकुलती एक मुलगी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, आठ दिवसांची ओली बाळंतीण. मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, रश्श्याने बाळंतिणीला दूध येतं, हे खाडीकाठच्या कुठल्याही घरात विचारावं लागत नाही. जिजाबाईने स्वतःची सात बाळंतपणं मुशीवर काढली होती. थोरला मुलगा बाबाजी तीन दिवस उत्तनला खेपा घालत होता तेव्हा ही हातभर मुशी मिळाली होती.

"साहेबांकडे बाहेरचे पेपर येतात, त्यात आलंय," जयकुमार म्हणाला. "जपानात एक खाडी आहे. तिच्यात कारखान्याचं पाणी सोडलं, त्यातला पारा माशांत गेला, मासे लोकांनी खाल्ले. माणसं आजारी पडली, मेली. आणि कितीतरी बायकांना स्वतःला विशेष काही झालं नाही, पण त्यांना जी पोरं झाली ती..."

तो थांबला, आणि नेमका नको तिथे थांबला. उंबऱ्यावर सात वर्षांची शेवंती, बाबाजी आणि सुगंधाची मुलगी, सुकटीतला कचरा निवडत बसली होती.

"ती काय?" आतल्या बाजेवरून सुलूने विचारलं. बाळ तिच्या अंगाशी होतं.

"काही नाही. आजारी निघाली."

"नीट सांगा ना."

"काही चालायची नाहीत," जयकुमार म्हणाला. मग, शास्त्रज्ञ असल्यामुळे त्याला उरलेलंही सांगावं लागलं. "काही बोलायची नाहीत."

घरातल्या पाचही मोठ्या माणसांनी शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीला ऐकू सगळं यायचं, ती धावायची, भांडायची, बाबाजीच्या जाळ्याची फाटलेली भोकं त्याच्याआधी शोधायची. फक्त बोलायची नाही. जन्मापासून तिच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. आपल्याकडे सगळे का बघताहेत ते न कळून तिने सुकटीची परडी उचलून दाखवली, की बघा, निवडली आहे.

सुलूने पुढ्यात ठेवलेली भाताची थाळी हाताने बाजूला सारली.

*

शेवंती का बोलत नाही, याचा निकाल या घरात पाच वर्षांपूर्वीच लागला होता. सुगंधाने सातव्या महिन्यात, ग्रहण लागलेलं असताना, विळीवर बसून मासे कापले होते. जिजाबाईने ही गोष्ट सुगंधाच्या तोंडावर एकदाच सांगितली होती. पुन्हा सांगायची गरज नव्हती, कारण भाईंदरच्या बाजारात तिच्या पाटीशेजारी बसणाऱ्या प्रत्येक बाईला ती तपशिलासकट पाठ होती. विळी सुगंधाच्या पुढ्यात कोणी ठेवली, एवढाच तपशील त्यात नव्हता.

"म्हंजे गिरान न्हाय," सुगंधा चुलीमागून म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मीठ कुठे आहे असं विचारावं तसा. "मुशीनं झाला."

"तसं मी म्हणत नाही, वहिनी," जयकुमार घाईने म्हणाला.

"तुमी न्हाय वो. कागद बोलतोय." तिने लाकूड आत सरकवलं. "शेवंतीचे टायमाला आत्या दर बाजाराला मुशी आनायच्या. खा गो, खा गो करून वाढायच्या. आठवतंय ना, आत्या?"

जिजाबाईला आठवत होतं. ही मोठी, पांढऱ्या मांसाची मुशी, गिऱ्हाइकाला न विकता पाटीच्या तळाशी लपवून घरी आणलेली. सुनेचे कोणी एवढे लाड करत नाही, असं तेव्हा ती बाजारात सांगत सुटली होती. आता ते सगळ्या बाजाराला आठवणार होतं.

"जावयबापू," ती म्हणाली, आणि सात मुलं, एक नवरा आणि तीन तुफानं पाहिलेल्या त्या बाईचा आवाज पहिल्यांदाच थोडा बसला, "आपले मुशीन त्यो हाय का न्हाय, कसा कलनार?"

"टेस्ट करावी लागेल. नमुना द्या. साहेबांकडून करून आणतो."

सहा वर्षांत साहेबाने त्याच्याशी एकच वाक्य बोलल्याचं जयकुमारला आठवत होतं, आणि ते 'बाजूला हो' हे होतं.

"न तवरसा?" बाबाजीने विचारलं. तो इतका वेळ भिंतीला टेकून गप्प बसला होता. बाबाजी दिवसात पाच-सहा वाक्यं बोलायचा आणि त्यातली चार भरतीबद्दल असायची.

"तोवर सगळेच मासे बंद ठेवलेले बरे. रिस्क कशाला?"

"माशाबिगर बालंतीन?" जिजाबाईने विचारलं.

"आये, मी न्हाय खानार," सुलू आतून म्हणाली. "माजी पोर बोलली पायजे."

तिने हे वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण सुगंधाने ते ऐकलं, आणि शेवंतीनेही ऐकलं.

*

नमुना दुसऱ्या दिवशी गेला. जयकुमार मुशीचा तुकडा मागायला आला तर जिजाबाईने त्याच्यासमोर नवा डबा ठेवला. डब्यात रावस होता, बाजारातला त्या दिवशीचा सगळ्यात मोठा. धुतलेला, कापलेला, हळद-मीठ लावलेला. वर चार लिंबं आणि एक सोललेला नारळ.

"आई, मुशी पाहिजे होती."

"मुशी बालंतीनीना. साहेबाचे घरा काय मुशी धाडतान? उद्या बोलंल, कोल्याचा जावय न पाठवली काय, त मुशी."

"पण हे टेस्टसाठी आहे. खाण्यासाठी नाही."

"मासा खान्यासाठीच असतो, जावयबापू."

"आणि हळद कशाला लावली?"

"मुंबईला पोचेपरत वास सुटंल, म्हनून. तुमचीच लाज जाईल."

खऱ्या शास्त्रज्ञाने तिथेच डबा परत केला असता. पण जयकुमार जावई होता, आणि डब्यावर नारळ ठेवलेला होता. त्याने डबा उचलला. प्रयोगशाळेत साहेब मीटिंगमध्ये होते, म्हणून त्याने तो शिपायाकडे दिला आणि "साहेबांसाठी" एवढंच सांगितलं. पुढचं सांगायला त्याची जीभ वळली नाही. शिपायाची नोकरी वीस वर्षांची होती. हळद-मीठ लावलेला रावस कुठे पोचवायचा, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

*

सुगंधाच्या आयुष्यात तो आठवडा न मागता आला. सोमवारी सकाळी ती उठली तर चूल पेटलेली होती आणि जिजाबाई चहा गाळत होती. तिने कप सुनेपुढे ठेवला आणि काही न बोलता पाटी घेऊन निघून गेली. चहात साखर दुप्पट होती. मंगळवारी सासूने पाणी भरलं. बुधवारी शेजारीण ग्रहणाचा विषय काढू लागली तशी जिजाबाईने तिला मध्येच तोडलं, "तुजा तू बघ." पाच वर्षांत सुगंधाने असं वाक्य स्वप्नातही ऐकलं नव्हतं.

तिला हे फार आवडलं. खोटं कशाला बोला, तिने ते चवीचवीने भोगलं. सासू समोर आली की ती मुद्दाम शेवंतीचे केस विंचरायला घ्यायची, आणि सासूची नजर खाली गेली की आणखी दोनदा फणी फिरवायची.

गुरुवारी बारसं झालं, मुलीचं नाव शालन ठेवलं. जेवणात बटाट्याची भाजी, वालाचं बिरडं आणि खीर होती. कोळ्याच्या घरी बारसं आणि पानात मासा नाही, हे गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. शेजारचा म्हातारा धाकू पानावर बसला, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि हळूच बाबाजीला विचारलं, "कोन गेला रं? मना कोनी सांगला पन न्हाय."

इंदुबाई, मुलाकडची विहीण, मोरव्याहून भल्या सकाळी आली होती. तिचं माहेर अलिबागकडचं. राईच्या विहिणीच्या हातचे मासे खायचे म्हणून तिने आदल्या रात्री कमी जेवून ठेवलं होतं. बाहेर बायकांत ती ठणकावून म्हणाली, "आमचा जयू बोलतोय त त्यान काय तरी असंलच. शिकलेला हाय." मग स्वयंपाकघरात येऊन सुगंधाच्या कानाशी लागली, "लोनचां तरी हाय का गो कोलंबीचा?"

"तुमचे जयूनी बंद केलंय," सुगंधा गोड आवाजात म्हणाली.

"त्याना काय कलतंय," इंदुबाई म्हणाली.

*

सुलूचं दूध मंगळवारपासूनच कमी झालं होतं. भात, तूप, मेथी, अळीव, सगळं पोटात जात होतं पण अंगी लागत नव्हतं, कारण तिच्या घशाखाली घास धड उतरत नव्हता. शेजारच्या घरात बोंबील तळायला पडले की तिचं तोंड पाण्याने भरायचं आणि डोळेही. बाळ तोंड लावायचं, चार घोट ओढायचं, सोडून द्यायचं आणि रडायचं. शेळीचं दूध कापसाने पाजलं ते त्याने बाहेर काढलं. बारशाला आलेली सुईण मुलीला हातावर तोलून म्हणाली, "जल्माला आली तवा जड व्हती," आणि त्यानंतर जिजाबाईने कोणाला बाळ उचलू दिलं नाही.

"थोडी मांदेली तरी खा," ती म्हणायची. "येवडी येवडी असतान. त्यांचे आंगान कसा मावंल पारा?"

"आये, मना भ्या वाटतंय."

"मी सात पोरां काढली गो. येकाची तरी वाचा गेली? उलट तोंडं मिटत न्हाईत."

"तवा कारखानं नव्हतं," सुलू म्हणायची. खाडीच्या वरच्या अंगाला ठाण्याकडे गेल्या काही वर्षांत किती धुरांडी उभी राहिली, हे जिजाबाईनेही पाटी घेऊन जाता-येता मोजलं होतं. कधी कधी ओहोटीच्या पाण्याला एक परका वास यायचा. तिने तो गिऱ्हाइकांना कधी कळू दिला नव्हता.

मध्ये इंदुबाईने एक उपाय केला. स्टेशनजवळच्या वैद्याकडून तिने लाल भुकटीच्या पुड्या आणल्या, बाळंतिणीला ताकद यावी म्हणून. सुलूने दोन दिवस त्या मधातून चाटल्या. तिसऱ्या दिवशी बाबाजी भाईंदरला गेला होता. त्याला काय वाटलं कोण जाणे, वैद्याच्या पायरीवर उभा राहून त्याने विचारलं, यात काय आहे? वैद्य खूश झाले. फार थोडे लोक विचारतात, म्हणाले. उत्तम प्रतीचा पारा आहे, सोन्याबरोबर सिद्ध केलेला.

बाबाजी घरी आला, उरलेल्या पुड्या फळीवरून काढल्या आणि म्हणाला, "जावयाचा पारा मुशीन हाय का न्हाय, द्येव जाने. ह्यांचा पारा पुडीन हाय. वैद सोता बोलला." मागच्या दाराने जाऊन त्याने पुड्या खाडीत भिरकावल्या. मग तिथेच उभा राहिला. त्याची स्वतःची डोल, ओहोटीच्या पाण्याला लावलेलं जाळं, पन्नास पावलांवर होती. या गोष्टीबद्दल तो पुढे आयुष्यात कोणाशी बोलला नाही.

शनिवारी दुपारी सुगंधाचा आठवडा संपला. बाळ बाजेवर रडत होतं. शेवंती दबक्या पावलांनी आत गेली आणि आपलं बोट त्याच्या मुठीत दिलं, रोज द्यायची तसं. बाळ गप्प झालं. पण सुलूने घाबऱ्या घाबऱ्या बाळ उचललं आणि भिंतीकडे तोंड करून घेतलं. शेवंती बोट तसंच पुढे धरून उभी राहिली.

सुगंधाने हे दारातून पाहिलं. त्या कागदाने तिला सोडवलं होतं, हे खरं. पण सोडवताना त्याने शेवंतीला धरलं होतं. परवापर्यंत ती या घरातली न बोलणारी पोर होती. आता ती नमुना झाली होती, आणि हा नमुना कोणालाही मुंबईला न्यायची गरज नव्हती. सुगंधाला संताप आला, आणि त्यातला निम्मा तिचा तिच्यावरच होता. तिच्यापाशी एक गोष्ट होती, जी तिने सोमवारीच सांगायला हवी होती. पण सोमवारी चहात साखर दुप्पट होती.

*

रविवारी दहाच्या सुमाराला जयकुमार आला, बरोबर इंदुबाई. त्याच्या हातात तोच डबा होता, घासून लख्ख केलेला. जिजाबाईने तो घेतला आणि उघडला. आत बेसनाचे चार लाडू होते.

"पास झाला?" तिने विचारलं.

जयकुमारने डोकं खाजवलं. "टेस्ट झाली नाही, आई. साहेबांनी खाल्ला."

"काय?"

"रावस. साहेबांनी, मॅडमनी आणि त्यांच्या दोन पोरांनी. शिपायाने थेट बंगल्यावर नेऊन दिला. मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

"मंग? काय झाला त्यांना?"

"काही नाही. फार ताजा होता, म्हणाले."

"मंग झाली ना टेस!" जिजाबाई म्हणाली.

"मी पयल्यापास्नं बोलतंय," इंदुबाई म्हणाली, आणि चुलीच्या दिशेने एकदा वास घेऊन पाहिला.

"ऐका ना. साहेबांनी काल मला केबिनमध्ये बोलावलं. रावस कुठून आणलास विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. मुशीचं, सुलूचं." जयकुमारने मान खाली घातली. "ते असे भडकले! म्हणाले, बाळंतिणीचे मासे बंद करायला तुला कोणी सांगितलं? तू पेपरचं पहिलं पान वाचलंस, पुढची पानं कोण वाचणार? मोठा मासा लहानांना खातो, म्हणून पारा मोठ्याच्या अंगात साठत जातो. मुशी, मोठी सुरमई, असले मासे पोटुशीला आणि अंगावर पाजणारीला नकोत. पण मुडदुशा, मांदेली, बोंबील खुशाल द्या. म्हणाले, मासा न खाऊन तुझी बायको आणि पोर जेवढी झुरतील तेवढं त्या लहान माशाने काही होणार नाही. आपल्या खाडीत पारा किती आहे ते अजून कोणी नीट मोजलेलंच नाही, तेही म्हणाले." त्याने मान वर केली. "आई, मी तिथे नळ्या धुतो."

"ठावं हाय मना," जिजाबाई म्हणाली. "लग्नाचे आदुगरपास्नं ठावं हाय. हात बघून कलतंय. नल्या धुतो त काय झाला, सच्चा हाय, म्हनून पोरगी दिली."

सगळ्यांना वाटलं, संपलं. जिजाबाई पाटी उचलायला वळलीसुद्धा. तेव्हा सुलू बाजेवरून म्हणाली, "मी न्हाय खानार."

"आता काय?" जयकुमार म्हणाला. "साहेबांनी..."

"साहेबाचं काय घेऊन बसलाव? बारका मासा, मोठा मासा, मोजला न्हाय, पेपरान हाय. मना काय कलतंय त्यातला?" बोलता बोलता तिला रडू फुटलं. "वैनीनी मुशी खाल्ली ना? समोर हाय ना शेवंती? मी काय बघू, पेपर बघू का तिना बघू?"

बाळ रडायला लागलं. तो आवाज आता फार बारीक झाला होता. जिजाबाई पाटीची कड धरून उभी होती, आणि आठ दिवसांत तिच्या चेहऱ्यावर किती सुरकुत्या वाढल्या ते त्या उजेडात दिसत होतं.

"मी खाल्लीच न्हाय," सुगंधा म्हणाली.

"काय?"

"मुशी. शेवंतीचे टायमाला." ती चुलीमागून उठून उंबऱ्याशी आली आणि शेवंतीला तिने जवळ ओढलं. "मना मासलीचा वास सोसवत नव्हता. दिवस गेलं तवापास्नं. वाढलेली थाली बघितली तरी वकारी यायची. आत्या वाढून बाजाराला जायच्या, न मी मागचे दारी नेऊन मांजरीना घालायची. मुशी नको, बोंबील नको, जवला पन नको. नऊ म्हैनं माजे पोटान मासलीचा तुकडा गेला न्हाय. भात न मीठ खाऊन काढलं."

"मंग सांगला का न्हाय?" सुलूने विचारलं.

"कोना सांगू? कोल्याचे घरची सून, न मासली बघून वकते? गाव हसला आसता." तिने सासूकडे पाहिलं नाही. "ही कशानं बोलत न्हाय ते मना ठावं न्हाय. कोनालाच ठावं न्हाय. पन मुशीनं न्हाय. तिचेकडे बघून उपाशी मरू नको, सुलू. न पोरीना तिचेपास्नं वडू नको."

सुलूने शेवंतीकडे पाहिलं. शेवंतीने आईच्या पदरातून बोट बाहेर काढून दाखवलं, हेच ते बोट, बाळाला आवडतं. सुलूने हात लांब करून तिला बाजेवर घेतलं.

आता जिजाबाईने काहीतरी म्हणावं, असं सगळ्यांना वाटत होतं. आठ दिवस दोषी ठरलेल्या तिला एका वाक्यात मोकळं केलं होतं, आणि तेही ज्या सुनेला तिने पाच वर्षं मोकळं केलं नव्हतं त्या सुनेने. बाबाजी भिंत सोडून सरळ बसला होता.

"मांजरीना?" जिजाबाई म्हणाली.

सुगंधाने पदर सारखा केला.

"दर बाजाराची मुशी? पाटीचे तलाशी लपवून आनायची मी. गिऱ्हाईक पैसं हातान घेऊन उभा, न मी न्हाय बोलायची. घरा पोटुशी हाय, बोलायची. ती मुशी तू मांजरीना घातली?"

"व्हय."

"ती काली मांजर!" तिचा आवाज चढत चढत पार मोरव्यापर्यंत पोचेल असा झाला. "मी बोलतंय, येवडी माजली कशानं! मारायला गेली त पलायची पन न्हाय, फुगून बसायची! वरसभर आमी बोलतो, हिना कोनी जादू केली!"

बाबाजी हसला. तो हसतो कसा हे जयकुमारने चार वर्षांत पाहिलं नव्हतं. मग इंदुबाई हसली, मग सुलू, डोळे पुसता पुसता. जिजाबाई एकटी हसली नाही. ती पाटी घेऊन तरातरा बाहेर पडली.

अर्ध्या तासाने ती आली तेव्हा पाटीत मुडदुशा होत्या, बोटाएवढ्या, चमकणाऱ्या, गावातला प्रत्येक आजारी माणूस ज्यांच्यावर उठून बसतो त्या. तिने त्या स्वतः निवडल्या, नुसत्या हळद-मिठाच्या पातळ रश्श्यात घातल्या, आणि दोन थाळ्या वाढल्या. एक सुलूपुढे ठेवली. सुलूने पहिला घास घेतला, मग दुसरा, मग बोलणं बंद केलं. जयकुमार तिच्याकडे बघत बसला. शास्त्रज्ञ म्हणून त्याला आता काहीही म्हणायचं नव्हतं.

दुसरी थाळी इंदुबाईसाठी असावी असं इंदुबाईला वाटलं आणि ती सरसावून बसली. जिजाबाईने ती सुगंधापुढे ठेवली.

"तू खा."

"मी मागनं खाईन, आत्या."

"मागनं न्हाय. माजे डोल्यादेखत खा."

सुगंधा बसली. जिजाबाई तिच्यासमोर, चुलीकडे अर्धी पाठ करून बसली आणि निखारे सारखे करू लागली. ते सारखेच होते.

"गिरानाचे दिसा," ती निखाऱ्यांना म्हणाली, "विली मीच तुजेपुढं सारली. बाजार उठंल म्हनून. तू नको बोलली व्हतीस."

सुगंधाचा हात थाळीत थांबला. हे वाक्य पाच वर्षं ती रोज स्वतःशी बोलत आली होती. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ते कसं ऐकू येतं, हे तिला माहीत नव्हतं. बाजेवर बाळ पीत होतं, आणि त्याची मूठ शेवंतीच्या बोटाभोवती घट्ट होती.

"काटा बघून खा," जिजाबाई म्हणाली. "बारीक असतो."